देव्हाऱ्यात बसलेलं मेडल

प्रिय अण्णा,

उद्या रविवार. सकाळी थोरले काका देवांचे टाक घेऊन येणार आहेत. आईने देवाची सगळी उपकरणी चिंचेने घासून पालथी घातली आहेत आणि मला ताकीद दिली आहे की उद्या शाळेला सुट्टी म्हणून लोळत पडायचं नाही. तुमचं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं, त्यामुळे नवे देव बसवायला आता कोणाची हरकत नाही. घरात लगबग आहे आणि माझ्याकडे मात्र एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती आईला सांगायची सोय नाही. काकांशी बोलून झालं. बाकी उरलं कोण? तुम्हीच! म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगून ठेवते, या पत्रात तुम्हाला बोलणी बसणार आहेत. जिवंतपणी तुम्ही ती हसून टाळलीत. "हो गं बाई, करतो," म्हणायचं आणि पानाचा डबा जवळ ओढायचा. आता डबा नाही, तेव्हा ऐकून घ्या.

किती देव घडवलेत तुम्ही, अण्णा? लग्नसराई सरली की आपल्या दुकानाच्या पायरीवर खेड्यापाड्यांतली माणसं येऊन बसायची, कोणी मानकोलीचा, कोणी खारबावचा. मुलगा वेगळा निघाला, त्याच्या देव्हाऱ्याला टाक हवेत. मूळचे टाक थोरल्याकडे राहणार, धाकट्याने आपले नवे करून घ्यायचे, ही रीत. तुम्ही विचारायचात, "कुलदैवत कोणतं?" आणि चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा ठोकून कोणाचा खंडोबा उठवायचात, कोणाची भवानी. दुपारी जेवून बसलात की दिवेलागणीला टाक तयार. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो कपाळाला लावायचात. मी दप्तर टाकून ते बघत उभी राहायचे.

आणि आपल्या घरी? आपल्या देव्हाऱ्यात खंडोबा म्हणून एक सुपारी होती!

आईच्या माहेरचा बाळकृष्ण, एक शंख आणि ती सुपारी. काकांपासून आपण वेगळे झालो तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. कारण काय, तर जेवताना काकूंनी माझ्या वाटीतलं तूप काढून त्यांच्या मुलाच्या वाटीत घातलं. आईने भरल्या ताटावरून मला उठवलं आणि आठवड्याच्या आत दुकानामागच्या या दोन खोल्यांत चूल मांडली. हे ती अजून अभिमानाने सांगते. देव अर्थातच काकांकडे राहिले. "आपले टाक मीच करतो, बाहेरून कशाला?" असं तुम्ही तिला म्हणालात म्हणे.

त्यानंतर मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले, तरी सुपारी जागची हलली नाही. तिला कीड लागली की आई ती बदलायची आणि बदलताना मोठ्याने बोलायची, पुढे दुकानात ऐकू जावं म्हणून. "अख्ख्या तालुक्याला देव दिले, घरच्या देवाला मात्र भुंगा!" मग तिकडून तुमच्या हातोडीचा आवाज वाढायचा. मला हसू यायचं. तुम्हा दोघांचं हे नाटक आहे आणि ते असंच चालायचं, असं मी धरून चालले होते.

पण ते नाटक नव्हतं हो. हळदीकुंकवाला आलेल्या बायका देव्हाऱ्यात डोकावायच्या. टाकवाल्या सोनाराची बायको आणि देव सुपारीचा! आई हसून म्हणायची, "आळस, दुसरं काय!" बायका गेल्या की भांडी आपटायची. तुम्ही चंपाषष्ठीला तळी भरायला काकांकडे जायचात, एकटेच, आणि तिकडून भरीत-रोडगा घेऊन यायचात. आईने त्या भरिताला कधी बोट लावलं नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का? आलंच असणार.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर एका दुपारी तुम्ही जेवून लवंडलात ते उठलाच नाहीत. बाहेर पॉवरलूमची खटखट चालू होती. मी शाळेतून आले तेव्हा आई तुमच्या पायाशी बसली होती आणि तुम्हाला उठवत होती, "अहो, गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक खरंच दाराशी उभं होतं.

दिवसकार्य आटोपलं आणि मग तुमची पेटी उघडली. अण्णा, दुरुस्तीला आलेल्या वस्तूंवर निदान एकेक चिठ्ठी बांधून ठेवायला काय झालं होतं? "माझ्या डोक्यात आहे सगळं," म्हणायचात. डोकं घेऊन गेलात की! रोज कोणी ना कोणी यायचं आणि आम्ही दोघी पेटीपुढे बसून ओळखपरेड करायचो. दिघाशीचा एक म्हातारा येऊन उकिडवा बसला. "बाय, माज्या नातवाचं वाळं हाय का गो तुमच्याकडं? घुंगरू तुटला व्हता त्याचा." आई म्हणाली, "कोणत्या पायातलं?" म्हातारा विचारात पडला. मला हसू आवरेना. दुःखाच्या घरात दात काढते म्हणून आईने मला डोळे वटारले. वाळं मिळालं त्याला. असं एकेकाचं एकेक देता देता पेटी रिकामी झाली आणि तळाशी लाल फडक्यात बांधलेली एक वस्तू उरली. तिला मालकच येईना.

चांदीची, गोल, रुपयाहून बरीच मोठी, वर एक कडी. एका बाजूला विहीर, विहिरीपाशी मेंढरं, आणि एक पुरुष नि एक बाई हातात हात घेऊन उभे. आईने ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि बोटाने एकेक मेंढरू चाचपलं.

"कुंदे, ही बाणाई आहे."

बाणाई, धनगराची लेक, खंडोबाची दुसरी बायको. मेंढरं आहेत, जोडपं आहे, मग दुसरं कोण असणार? "ह्यांनी टाक केला गं," आई म्हणाली. "केला आणि सांगितलंच नाही. चंपाषष्ठीला काढणार असतील." तुम्ही गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तेव्हा मात्र ती पदर तोंडात धरून रडली.

मला शंका आली नाही असं नाही. मी म्हटलं, "आई, टाक इतका जाड असतो का?"

"घरचा आहे ना! गिऱ्हाइकाला पातळ पत्रा, घरच्याला जाड."

"मग मागच्या बाजूला पण चित्र कसं?" मागे एक पंगत बसली होती आणि पुढे रांजण मांडले होते.

"खंडोबाच्या लग्नाची पंगत ती. दोन्ही बाजूंनी मेहनत घेतलीये त्यांनी."

"आणि कडेची ही अक्षरं? इंग्रजीसारखी दिसतात."

"ठसा मुंबईहून आणला असेल. तुला फार कळतं!"

प्रत्येक शंकेला तिच्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरात तुम्ही आणखी थोडे चांगले होत होता! तुमचं इतकं कौतुक तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. अक्षरं झिजून गेली होती, मलाही काही वाचता येईना. आणि खरं सांगू? मलाही वाटायला लागलं होतं की तुम्ही ते केलंत.

भटजी म्हणाले, वर्षाच्या आत नवा देव बसवू नये. आई म्हणाली, "नवा कुठे? ह्यांनीच घडवून ठेवलेला आहे." एका रविवारी तिने तुमच्या त्या टाकाला दह्यादुधाने न्हाऊ घातलं, भंडारा वाहिला आणि तांदळावर बसवला. सुपारी गेली तुळशीच्या मुळाशी. शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवून झालं. "ह्यांचं शेवटचं काम," म्हणायची. रोज तुमच्या फोटोला फूल. आणि स्वयंपाक करता करता तुमच्याशी बोलणं, "अहो, आज रॉकेल मिळालं बरं का." अण्णा, ते महिने आपल्या घरात फार सुखाचे गेले. असं म्हणायला नको, तुम्ही नव्हता, पण गेले.

मग वैशाख आला. मला सुट्टी होती. दुपारी पुढच्या बाजूने सुताच्या दुकानातल्या रफीकभाईंचा आवाज आला, "बहन, वो तो गुजर गए. घर पीछे है, इधर से जाओ." बंद दुकानाला वळसा घालून एक बाई अंगणात आली. लाल लुगडं, कानांत ठसठशीत सोनं, हातात सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडी. वसईहून कामण, खारबाव करत एस.टी.ने आली होती. आल्या आल्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "सोनारबाबा गेले, मना ठाऊक न्हवतं गो. देव त्यांच्या जिवाला शांती देवो."

तिचं नाव कतरीनबाई. मी पाणी दिलं. तिने घोटभर घेतलं आणि मग कामाचं काढलं. "गेल्या पावसाळ्यात साखरपुड्याचं मेडल दिलं होतं त्यांच्याकडं. कडी तुटलेली. आमच्या गावचा सोनार बोलला, वितळवून नवीन बनव. मी बोलली, न्हाय! मंग कोनी सांगितलं, भिवंडीला टाकवाला सोनार हाय, त्याचा हात हलका हाय. माझ्या लुसीचा साखरपुडा तवाच व्हायचा होता, पन पोराला मस्कतहून सुट्टी न्हाय मिळाली. आता येतोय तो."

"काय होतं मेडलवर?" मी विचारलं.

"एका अंगाला याकोब नि राहेल, विहिरीवर, मेंढरं हायत. दुसऱ्या अंगाला काना गावचं लगीन, येशूनं रांजनातल्या पान्याचा द्राक्षारस केला ते."

दाराच्या आत आई उभी होती. तिचा आवाज इतका शांत आला की मी दचकले. "तसलं काही राहिलं नाही आमच्याकडे. ज्याचं त्याला देऊन झालं."

कतरीनबाईचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "बाय, जोडी हाय ती. फिरंग्यांच्या वेळची बोलतात. माझ्या आजीच्या आजीकडं होती. साखरपुड्याला पोराची आय एक मेडल पोरीच्या हातात ठेवते, नि पोरीची आय दुसरं पोराच्या हातात. एक मी आधीच व्याह्यांकडं दिलंय. आता माझ्या हातातून काय न्हाय निघालं, तर विकून खाल्लं बोलतील." आई आत गेली. देव्हाऱ्याचं दार लावल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. वाटेत ती म्हणाली, "तुझ्या आयला राग आला काय माझा?" मी म्हटलं, "नाही हो, तिचं डोकं दुखतंय. येत्या शनिवारी परत या, लेकीलाही आणा. मी पुन्हा शोधते." सुकेळी माझ्या हातात कोंबून ती गाडीत चढली.

घरी आले तर आई देव्हाऱ्यापुढे बसलेली. "तिला कसं कळलं याच्यावर विहीर आहे ते?" असं विचारलं मला तिने. मग म्हणाली, "बसवलेला देव कोणी उठवतं का?" आणि शेवटी, "फसवलं मला ह्यांनी."

"आई, अण्णा कुठे काही म्हणाले होते? आपणच ठरवलं."

"म्हणाले नव्हते, तेच तर!" ती ओरडली. पुढचे दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तुमच्याशी तर तेवढंही नाही.

शनिवारी कतरीनबाई लेकीला घेऊन आली. लुसी सडपातळ, बुजरी, रुमालाचं टोक चुरगाळत बसलेली. आई काय करणार मला खरंच माहीत नव्हतं. ती बाहेर आली, दोघींसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "हे दोघं कोण आहेत ते मला नीट सांगा."

कतरीनबाईने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बहुतेक तेव्हाच तिला सगळं समजलं. पण एक शब्द वावगा बोलली नाही. "ही राहेल," ती सांगू लागली. "बापाची मेंढरं घेऊन पान्यावर आली. याकोबानं विहिरीवरचा धोंडा लोटला, मेंढरांना पानी पाजलं. मंग तिला मागनी घातली. बाप बोलला, सात वर्षं माझी मेंढरं राख, मंग देतो. यानं राखली. तर लग्नात दुसरीच पोर पुढं केली! मंग हिच्यासाठी आनखी सात वर्षं राबला."

"मिळाली का शेवटी?" आईने विचारलं.

"मिळाली."

आई मान हलवत राहिली. "आमच्या देवानेही हेच केलं," ती म्हणाली. "बाणाईसाठी धनगराच्या घरी चाकरीला राहिला. मेंढरं राखली, वाडा झाडला. एवढा मल्हारी, पण राहिला."

"मंग तुझं काय चुकलं, बाय?" कतरीनबाई म्हणाली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मला आत जावं लागलं, कारण मला रडू आलं.

आईने रीतसर उत्तरपूजा केली. अक्षता वाहून तो टाक, आता मेडल म्हणते, तांदळावरून हलवला, ओल्या फडक्याने भंडारा पुसला. इतक्या महिन्यांच्या चिंचेने आणि राखेने राहेलचं नाक जरा बोथट झालं होतं. लुसीने त्यावरून बोट फिरवलं आणि आईकडे बघून हसली, गुणाची पोर. आईने तिची खणानारळाने ओटी भरली आणि मेडल तिच्या तळहातावर ठेवलं. ठेवताना कडीवर अंगठा दाबून म्हणाली, "एवढी कडी ह्यांच्या हातची आहे. सांभाळ."

त्या गेल्या. पुढच्या महिन्यात रफीकभाईंच्या दुकानात निरोप आला, साखरपुडा छान झाला म्हणून. सगळं चांगलं झालं म्हणायचं, नाही का?

नाही झालं, अण्णा. मेडल गेलं आणि त्याबरोबर तुमचा सगळा चांगुलपणाही गेला. आईने डब्यातून नवी सुपारी काढून तांदळावर ठेवली. तुमच्या फोटोचं फूल बंद. स्वयंपाक करतानाचं बोलणं बंद. एकदा भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "एक दुपार. ह्यांना एक दुपार लागली असती." पूर्वी ती हे ओरडून म्हणायची, तुम्हाला ऐकू जावं म्हणून. आता ऐकायला तुम्ही नव्हता, तर नुसती पुटपुटली. तिला एकच गोष्ट हवी होती तुमच्याकडून, आणि काही महिने तिला वाटलं होतं की ती मिळाली. आधी वाटलंच नसतं तर बरं झालं असतं.

मला ते बघवेना. एक दिवस शाळा सुटल्यावर तडक काकांकडे गेले. काका आता थकले आहेत, पण दुपारचे ठोकाठोकीला बसतात. मी चहासुद्धा घेतला नाही. म्हटलं, "काका, अण्णांनी आमचे टाक का केले नाहीत? तुम्हाला काही बोलले होते का?"

काकांनी हातोडी खाली ठेवली. "आता कशाला हवंय तुला ते?"

"आईसाठी हवंय."

"मग तर नकोच," काका म्हणाले. पण मी हलेना, तेव्हा बोलले. "चंपाषष्ठीला यायचा ना तो? एका वर्षी मीच त्याला म्हटलं, अरे, किती वर्षं इकडे तळी भरणार? कर की आता तुझे टाक. तर म्हणाला, दादा, टाक केले की घरं दोन झाली. अजून तरी एकच आहे. राहू दे."

मी त्यांच्यासमोर पाटावर बसले.

"मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, या परत," काका म्हणाले. "जिभेवर आलं होतं गं, कुंदे. पण तुझी काकू आत होती, आणि तिकडे तुझ्या आईचा स्वभाव! म्हटलं, पुढच्या वर्षी बोलू. दर वर्षी तेच म्हटलं." मग त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले.

अण्णा! हे होतं होय तुमच्या मनात? आणि आम्ही आळस म्हणत राहिलो. बायकोचा टोमणा ऐकायचा, हातोडी जोराने मारायची, पण दोन घरं झाली हे काही मान्य करायचं नाही. वेगळं राहणं तुम्हाला इतकं बोचत होतं, तर आईला एकदा सांगायचं तरी. ती भांडली असती, चार दिवस बोलली नसती, आणि मग कदाचित स्वतः उठून काकूंकडे गेली असती. मला तरी सांगायचं. मी काही कायम वाटीतल्या तुपाएवढीच राहिले नव्हते! तुम्ही काकांना अर्धं सांगितलंत, काकांनी आम्हाला काहीच सांगितलं नाही, आणि आई त्या सुपारीसमोर म्हातारी झाली. मला वाईट वाटतं ते याचं. तुम्हा तिघांपैकी कोणी दुष्ट नव्हतं, आणि तरी इतकी वर्षं फुकट गेली.

निघताना काका म्हणाले, "टाक मी करतो. वर्षश्राद्ध होऊ दे, मग घेऊन येतो. हात थरथरतो माझा, पण एवढं जमेल." मी आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, पण ती म्हणाली, "भाऊजींचे चालतील." मग काकूंचे गुडघे कसे आहेत म्हणून चौकशी केली. म्हटलं, हेही नसे थोडके.

आणि आज संध्याकाळी उपकरणी घासता घासता तिने विचारलंच. खाली मान घालून, अगदी सहज. "काय गं, ह्यांनी टाक का केले नाहीत, ते भाऊजींना कधी बोलले असतील का?"

तिच्या हातात समई होती. ती घासायची थांबली होती आणि माझ्या उत्तराची वाट बघत होती. मला कळलं की मेडल गेल्यापासून तिच्या मनात हेच आहे. आपल्यावर काही राग होता का ह्यांचा? आपलं काही चुकलं का? मी खरं सांगितलं असतं, तर त्या वेगळ्या चुलीपासून आजपर्यंतचा प्रत्येक दिवस तिने उकरून काढला असता. तुमच्यावर ती चिडते ते मला चालतं. तुम्हाला सवय आहे. या वयात ती स्वतःवर चिडली, तर मी तिला कशी सावरू?

मी म्हटलं, "बोलायचंय काय त्यात? आळस! पहिल्या नंबरचे आळशी होते अण्णा."

आईने एक मोठा श्वास सोडला. "तेच म्हणते मी," म्हणाली. "जन्मभर तेच!" आणि समई अशी खसाखसा घासायला लागली की बघत राहावं. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या त्यांच्या फोटोलाही एक हार सांग गं फुलवाल्याला."

तेव्हा अण्णा, माझा शब्द घ्या. काकांना मी गप्प राहायला सांगितलं आहे, आणि त्यांचं तोंड कधी सुटलंच, तरी मी आहे. आई आहे तोवर या घरात तुम्ही आळशीच राहाल. कोणीही विचारू दे, मी हसून सांगेन, छे हो, कसलं कारण नि कसलं काय, नुसता आळस! तुमची बदनामी मी अगदी मन लावून करीन. तुम्हाला काय वाटत होतं, ते मला ठाऊक आहे, एवढ्यावर भागवून घ्या.

तुमची लेक,
कुंदा